प्रॉम्प्टर शोधत गेले होते

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मी गेली १७ वर्षं क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, काम करते. गेल्या वर्षी मला लॅबप्रमुख केलं आणि हाताखाली २६ माणसं आली. दोन महिन्यांनी एचआरमधून बोलावणं आलं. "मॅडम, कंपनी तुमच्यासाठी लीडरशिप कोच देतेय."

मला ते शिक्षेसारखं वाटलं. त्या रात्री बोरीच्या पुलावरून घरी येताना एकच प्रश्न डोक्यात होता, माझं कुठं चुकलं? फोंड्याला पोचेपर्यंत नवऱ्याला दोनदा फोन केला. आज सांगते, ज्याला काढायचं आहे त्याच्यावर कंपनी सहा महिने पैसे खर्च करत नाही. तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं. आमच्याकडे कोच म्हटलं की फुटबॉल आठवतो, नाहीतर दहावीचे क्लासेस. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. माझ्यासारखी कुणी उद्या त्या खुर्चीत बसणार असेल, तर तिला थोडी कल्पना असावी.

सुरुवातीला दोन कोचशी अर्ध्या-अर्ध्या तासाची ओळखभेट होती. आपलं जमतंय का, एवढंच या भेटीत बघायचं असतं आणि 'नाही' म्हणायचा पूर्ण अधिकार आपला असतो. पहिले गृहस्थ त्या अर्ध्या तासातली वीस मिनिटं स्वतःबद्दलच बोलले. त्यांच्या हाताखालून गेलेले किती जण आज मोठ्या हुद्द्यावर आहेत ते सांगितलं आणि वर्षभरात प्रमोशन नक्की, असंही म्हणाले. मी नको म्हटलं. हमी देणारा कोच टाळावा, हे माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या. पणजीच्या मळा भागात जुन्या घराच्या पुढच्या खोलीत बसतात. त्यांनी विचारलं, "सहा महिन्यांनी काय वेगळं दिसलं तर तुम्हाला वाटेल की वेळ वाया गेला नाही?" आणि गप्प बसल्या. मला उत्तर सुचेना, पण त्यांनी घाई केली नाही. मग मी त्यांची पात्रता विचारली. हे विचारायला संकोच करू नका. आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, उद्या कुणीही पाटी लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली सुरू झालेली संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते. एसीसी या पहिल्या पातळीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, पीसीसी या मधल्या पातळीसाठी १२५ आणि ५००, तर एमसीसी या सर्वांत वरच्या पातळीसाठी २०० आणि २५००. बाई पीसीसी होत्या. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस चांगलाच असं नाही, पण त्याने काहीएक शिस्त आणि आचारसंहिता मान्य केली आहे, एवढं तरी कळतं.

त्यांनी आणखी एक विचारलं, ते माझ्या कायम लक्षात राहील. मी इंग्रजीत बोलत होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी रागावता तेव्हा कुठल्या भाषेत रागावता?" कोंकणीत, मी म्हटलं. "मग इथं ती आणा." तेव्हापासून आमचं बोलणं मराठी-कोंकणीत झालं. इंग्रजीत मी मुलाखत दिल्यासारखी बोलते, मला माझीच भाषा लागते, हे तोवर मला कधी कळलंच नव्हतं.

यानंतरची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. माझे साहेब, मी आणि कोच अशी तिघांची बैठक झाली आणि एक पानाचा करार झाला. दर पंधरा दिवसांनी दीड तास, एकूण दहा सत्रं. कंपनीला काय कळणार? मी किती सत्रांना हजर होते आणि कुठल्या उद्दिष्टांवर काम चाललं आहे, एवढंच. आत काय बोलले ते माझं. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायदाच भाग पाडत असेल, तेवढाच अपवाद. पैसे कंपनी देते म्हणून कोच कंपनीचा कान होत नाही, पण हे लेखी असायला हवं. साहेबांनी उद्दिष्ट सांगितलं, "मॅडम सगळं स्वतः करतात, कामं वाटत नाहीत." मला ते अन्यायाचं वाटलं. रात्री आठ-आठ वाजेपर्यंत थांबून बॅच वेळेवर कोण रिलीज करत होतं? पण त्यांच्यापुढे बोलले नाही. पहिल्या सत्रात तेच सगळं कोचपुढे ओतलं.

त्या सत्राच्या शेवटी मी विचारलं, "मग मी काय करू, ते सांगा." त्या म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही. मला तुमची लॅब माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे." जुवारी नदीवरच्या नव्या पुलावरून परत येताना मी चिडलेलीच होते. दीड तास गाडी चालवून, दीड तास बोलून हातात काहीच नाही. सल्ला हवा असेल तर तो देणारे अनुभवी लोक असतात, त्यांना मेंटॉर म्हणतात. कोच प्रश्न विचारून उत्तर आपल्याकडूनच काढून घेतो. आणि कोच म्हणजे डॉक्टरही नव्हे. तिसऱ्या सत्रात मी सांगितलं की महिनाभर मला तीन-चार तासांपेक्षा जास्त झोप लागत नाही, पहाटे छातीत धडधडतं. बाईंनी तिथेच वही मिटली. "हे माझ्या कामात बसत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. तोवर आपण थांबू." मी फोंड्यातल्या डॉक्टरांकडे गेले, तपासण्या केल्या, उपचार घेतले. ते एक सत्र पुढं ढकललं गेलं. ज्या कोचला आपली हद्द माहीत आहे त्याच्यावर विश्वास ठेवावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

मधल्या काळात थ्री-सिक्स्टी फीडबॅक झाला. वरचे, बरोबरीचे आणि हाताखालचे मिळून नऊ जणांशी कोच स्वतः बोलल्या आणि नावं न घेता सारांश मला वाचायला दिला. चांगलं बरंच होतं. मॅडम आमच्या पाठीशी उभ्या राहतात, ऑडिटमध्ये कुणाला एकटं सोडत नाहीत. आणि मग दोन ओळी होत्या. 'काहीही विचारलं की उत्तर लगेच मिळतं, त्यामुळे आम्ही शोधतच नाही.' दुसरी, 'हातातलं काम अर्ध्यावर काढून घेतात.'

मी तो कागद गाडीत तीनदा वाचला. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. पहिलं मनात आलं ते, हे कुणी म्हटलं? कोचनी आधीच बजावलं होतं, "कुणी म्हटलं ते शोधू नका. शोधायला लागलात की ऐकणं संपतं." शोधायचं नाही हे ठरवायला मला दोन दिवस लागले. तुम्हालाही लागतील. पण खरंच शोधू नका. हाताखालची माणसं एवढं खरं बोलली ती केवळ नाव येणार नाही या शब्दावर.

पुढच्या सत्रात त्यांनी एक काम दिलं. आठवडाभर मला विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवायचा. लॉगबुक ठेवणं हा तर आमचा धर्मच. सोमवार ते शनिवार मी ६३ प्रश्न लिहिले. मग प्रत्येकापुढं लिहायचं होतं, याचं उत्तर त्या माणसाला स्वतःला काढता आलं असतं का? ४१ ठिकाणी 'हो' आलं. आकडा मीच काढला होता, त्यामुळे कुणाशी वाद घालायची सोय नव्हती.

"असं तुम्ही आधी कुठं पाहिलंय?" त्यांनी विचारलं. मी बराच वेळ विचार केला आणि मला आमच्या गावची जत्रा आठवली. दर वर्षी देवळासमोर मराठी नाटक होतं, पालखी झाल्यावर सुरू होतं ते पहाटेपर्यंत. मी लग्नाआधी त्यात तीन वर्षं काम केलं. आमचे एक काका विंगेतून प्रॉम्प्टिंग करायचे. आवाज खणखणीत, नट एक श्वास घ्यायला थांबला तरी पुढचं वाक्य हजर. सगळ्यांना त्यांचा आधार. एका वर्षी जत्रेच्या दोन दिवस आधी त्यांचा घसा बसला. तेव्हा कळलं की मुख्य भूमिकेतल्या दोघांना दुसरा अंक पाठच नव्हता. महिनाभर तालमी झाल्या होत्या, पण काका आहेत म्हटल्यावर पाठ कोण करणार?

हे सांगता सांगता मी थांबले. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. इतके आठवडे मी त्या बाईंकडून प्रॉम्प्टिंगची वाट बघत होते, आणि लॅबमध्ये २६ जणांसाठी मी स्वतः विंगेत उभी होते. त्यांनी काहीच जोडलं नाही, पुढच्या सत्राची तारीख विचारली फक्त.

यानंतरची सत्रं एका ठरलेल्या वाटेने जायची. काय हवंय, आज स्थिती काय आहे, कुठले पर्याय आहेत, आणि आता नेमकं काय करणार, कधी. या चार भागांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला ग्रो म्हणतात. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ती तयार झाली आणि ब्रिटिश कोच जॉन व्हिटमोर यांच्यामुळे जगभर पसरली. ऐकायला अगदी साधी वाटते. अवघड जातो तो चौथा भाग, कारण तिथं 'प्रयत्न करीन' चालत नाही. वार, वेळ आणि माणूस सांगावा लागतो.

मी ठरवलं, प्रश्न आला की आधी विचारायचं, "तुका कितें दिसता?" म्हणजे तुला काय वाटतं, आणि मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं फार जड जातं. समोरची मुलगी घाबरून बघते, आपल्याला उत्तर माहीत असतं, डिस्पॅचवाले फोन करत असतात. पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा मी उत्तर देऊन टाकलं. गणेश चवथीनंतर ऑडिटची तयारी सुरू झाली आणि मी पूर्ण जुन्या वळणावर गेले. फाइली स्वतःकडे ओढल्या, एका सिनिअरच्या हातातून काम काढून घेतलं. सातव्या सत्रात मी हे मान खाली घालून सांगितलं. कोच रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ते काम काढून घेतल्यावर त्या सिनिअरने काय केलं? मला आठवलं, तो खुर्ची सरकवून बाजूला झाला आणि मोबाइल बघत बसला. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस. ते चित्र मला आजही टोचतं. दुसऱ्या दिवशी मी त्याची माफी मागितली आणि फाइल परत दिली.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री साडेदहाला ज्युनिअरचा फोन आला. एका बॅचचा ॲसे, म्हणजे औषधातल्या मुख्य घटकाचं प्रमाण, मर्यादेबाहेर आला होता. आमच्या भाषेत ओओएस. अशा वेळी निकाल नकोसा आहे म्हणून चाचणी पुन्हा करून मोकळं होता येत नाही. आधी लॅबमध्ये चूक झाली का ते रीतसर शोधावं लागतं. माझ्या ओठांवर सगळी यादी होती. मी म्हटलं, "तुका कितें दिसता?" फोनवर मोठी शांतता. मग ती बोलायला लागली. द्रावणं टाकणार नाही, तशीच ठेवते. वजनाची नोंद आणि डायल्यूशन, म्हणजे द्रावण किती पातळ केलं ते, पुन्हा बघते. सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे यंत्रणा नीट चालते का याची चाचणी, बरोबर आली होती, त्याचा प्रिंट काढते. परवानगीशिवाय नमुना यंत्रात पुन्हा इंजेक्ट करत नाही. तिने एक गोष्ट अशी सांगितली की जी माझ्या यादीत नव्हती. एचपीएलसीचा, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा, कॉलम त्याच दुपारी बदलला होता. मी "कर" म्हटलं आणि फोन ठेवला. झोप लगेच लागली नाही, पण मी लॅबला परत फोनही केला नाही.

शेवटची बैठक डिसेंबरमध्ये पुन्हा तिघांची झाली. अहवाल कोचनी दिला नाही, मीच एक पान लिहून वाचून दाखवलं. प्रश्नांचं लॉगबुक पुन्हा एक आठवडा ठेवलं होतं. ६३ चे २९ झाले होते. साहेबांना तो आकडा आवडला.

पण कोचिंगने जे होत नाही तेही सांगायला हवं. आमच्या लॅबमध्ये वर्षभर अ‍ॅनालिस्टच्या दोन जागा रिकाम्या होत्या. माणसं कमी असतील तर मॅनेजरने कितीही चांगले प्रश्न विचारले तरी रात्रीची शिफ्ट भरत नाही. हे कोचनीच माझ्या तोंडून काढून घेतलं. आठव्या सत्रात मी पुन्हा स्वतःच्या उणिवा मोजत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "यातलं तुमचं किती आणि कंपनीचं किती?" नववं सत्र आम्ही पूर्णपणे त्या दोन जागा साहेबांकडे मागायच्या तयारीला दिलं. त्या साहेब झाल्या, मी मी. तीनदा सराव केला. पहिल्या वेळी मी विनवणी केली, दुसऱ्या वेळी तक्रार. तिसऱ्या वेळी जादा तासांचे आकडे पुढं ठेवले आणि थांबले.

त्या डिसेंबरच्या बैठकीत, माझं पान वाचून झाल्यावर, मी तेच आकडे टेबलावर ठेवले. एक जागा फेब्रुवारीत भरली. दुसरी अजून रिकामी आहे. साहेबांकडे पुढच्या सोमवारची वेळ मागितली आहे.