घाण्याला जुंपणे: घाम एकाचा, तेल दुसऱ्याचं

'परीक्षेसाठी त्याने स्वतःला घाण्याला जुंपून घेतलं' असं हल्ली कौतुकाने लिहितात. कौतुकच करायचं तर 'रक्ताचं पाणी केलं' म्हणा, 'हाडाची काडं केली' म्हणा. घाण्याला जुंपणारा दुसराच असतो, आणि तेलही त्याच्याच घरी जातं.

हा घाणा म्हणजे तेल्याचा. जमिनीत पक्कं रोवलेलं उखळ, त्यात तिरपी लाट म्हणजे दाणा चिरडणारा जाड लाकडी दांडा, लाटेला जोडलेली आडवी फळी, फळीवर दगड. वजन कमी पडलं तर लाट नुसतीच फिरते, दाणा चिरडत नाही. म्हणून पुष्कळदा तेली स्वतःच फळीवर बसतो, म्हणजे त्याचाही भार बैलावरच! बैलाच्या डोळ्यांना झापड असते, नाहीतर फिरून फिरून त्याला भोवळ यायची.

खरी मेख पुढे आहे. तीळ भरडले गेले की थोडं थोडं पाणी शिंपडायचं. कमी पडलं तर भरडा भुसभुशीत राहतो, तेल सुटत नाही. जास्त झालं तर सगळाच लगदा. पाणी बेताचं असेल तर घासण्याच्या उबेने पेंड उखळाच्या कडेला धरते आणि तेल मोकळं होतं. मधेच बैल थांबवला की ऊब जाते, पेंड घट्ट बसते आणि लाट अडते. त्यामुळे एक घाणा उतरेपर्यंत उसंत नाही. (भज्यांचा 'पहिला घाणा' म्हणतो तो हाच, एका वेळी घातलेला माल.) औताच्या बैलाला निदान तासाच्या, म्हणजे नांगराच्या रेघेच्या, टोकाला वळताना दम खाता येतो.

आठ फुटांच्या त्रिज्येची वाट आणि मिनिटाला तीन फेऱ्या धरा. दीड तासात बैल चार किलोमीटर चालतो, आणि असतो तिथेच.

अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये हा वाक्प्रचार शब्दशः खरा झाला. तिथे कैद्यांना बैलाच्या जागी कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपत. रोजचं 30 पौंड खोबरेल भरलं नाही तर शिक्षा. 1911 मध्ये तिथे पोचलेल्या सावरकरांनाही हे काम होतं.

'संसाराचं रहाटगाडगं' मात्र वेगळं. त्यात भरलेलं गाडगं रिकामं होतं, रिकामं पुन्हा भरतं. तिथे रोख दैवाच्या चढउतारावर आहे. रात्रंदिवस राबणाऱ्या सुनेबद्दल बोलायचं असेल तर घाणाच.