‘कशावरून?’ विचारणारी मुलं आणि माहितीची पुस्तकं

पहिली-दुसरीच्या मुलांचा वाचनतास मी घ्यायला लागले तेव्हा वरचे खण गोष्टींच्या पुस्तकांनी भरलेले होते आणि माहितीची पुस्तकं खालच्या खणात, मोठ्या मुलांसाठी म्हणून ठेवलेली होती. गोष्टी मला प्रिय आहेत, मुलांना तर आहेतच. पण ‘हे खरं आहे का, आणि कशावरून?’ असं गोष्टीला विचारत बसलं की तिची गंमत जाते. माहितीच्या पुस्तकाला मात्र हे विचारायलाच हवं, आणि ते सहाव्या-सातव्या वर्षीच सुरू व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

अडचण वाचनाची नव्हती. अडलेले शब्द मी वाचून दाखवायचे. खरी अडचण अशी की छापलेलं सगळं मुलांना आपोआप खरं वाटायचं. पुस्तकात आहे ना, मग झालं!

सुरुवातीला शिक्षकांच्या ओळखीचा तीन रकान्यांचा तक्ता घेतला. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डॉना ओगल यांनी तो १९८६ मध्ये मांडला: काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय शिकलो. पहिल्या रकान्याचं नाव तेवढं मी बदललं आणि ‘आम्हाला वाटतं की…’ असं केलं. ‘माहीत आहे’च्या खाली लिहिलेलं खोडायला मुलं राजी नसतात, ‘वाटतं’च्या खालचं खुशाल खोडतात. ‘वटवाघळाला दिसत नाही’ असं जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं होतं. वटवाघळांना दिसतं, हे पुस्तकात वाचल्यावर ते वाक्य कोणी खोडायचं यावरून भांडण झालं.

पण तक्त्याने मुलं पुस्तकावरून स्वतःला तपासायला शिकली. पुस्तकालाच तपासायचं अजून बाकी होतं. ते आलं डायनोसॉरमुळे. ‘हा फोटो आहे की चित्र?’ एवढंच मी विचारलं. फोटो नसणारच, तेव्हा माणसंच नव्हती, असं एकीने सांगितलं. मग चित्र काढणाऱ्याला कसं कळलं?

तिथे मी त्यांना इग्वानोडॉन नावाच्या डायनोसॉरची हकीकत सांगितली. जीवाश्म गोळा करणारे इंग्रज डॉक्टर गिडियन मँटेल यांनी १८२५ मध्ये या प्राण्याला नाव दिलं, तेव्हा हाताशी थोडे दात आणि हाडं होती. पुढे एक टोकदार हाड मिळालं, ते नाकावरचं शिंग असावं असं त्यांना वाटलं. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत इग्वानोडॉनचे पुतळे उभे राहिले तेही नाकावर शिंग घेऊनच. मग १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार गावी कोळशाच्या खाणीत याच प्राण्याचे बरेच सांगाडे सापडले, काही जवळजवळ पूर्ण. तेव्हा कळलं की ते हाड नाकावरचं नव्हतंच, अंगठ्याचं होतं.

मुलांनी लगेच आपापले अंगठे नाकावर ठेवून पाहिले. मग एका मुलाने विचारलं, “ताई, मग बाकीचं तरी कशावरून बरोबर?” या प्रश्नासाठीच मी इतके दिवस थांबले होते. आम्ही पुस्तकातलं चित्र घेऊन एकेक भाग बघत गेलो. दात? मिळालेत. पायांची हाडं? मिळालीत. अंगावरचा हिरवा रंग? तो कशावरून दिला, ते पुस्तकात कुठेच नव्हतं. चित्राच्या छायाप्रतीवर मुलांनी पुरावा असलेले भाग एका रंगाने आणि अंदाजाचे दुसऱ्या रंगाने रंगवले. अंदाज म्हणजे खोटं नव्हे, हे वेगळं सांगावं लागलं.

यानंतर एकाच विषयावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवायला लागलो. शनीला एका पुस्तकात ६२ चंद्र होते, दुसऱ्यात ८२. मुलांचा पहिला निवाडा: एक पुस्तक खोटारडं आहे. दुसरा अंदाज याहून सुंदर होता: मधल्या काळात नवे चंद्र जन्मले असतील. मग मी छपाईचं साल कुठे असतं ते दाखवलं. मुलं ते बारीक अक्षरांचं पान कधीच उघडत नाहीत. ६२ वालं पुस्तक जुनं निघालं. चंद्र होते तिथेच होते, बघण्याची साधनं सुधारली. ८२ नंतरही आकडा वाढत राहिला, आणि मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ चंद्रांची भर पडून आकडा २७४ वर गेला, म्हणजे दोन्ही पुस्तकं मागे पडली. आता पुस्तक हातात आलं की कितीतरी मुलं आधी साल शोधतात.

मधला काही काळ मात्र जड गेला. मुलांना ‘खोटं असेल’ म्हणण्याचा नाद लागला. पृथ्वी गोल आहे? कशावरून! हत्ती गवत खातो? कशावरून! उत्तराची वाटही न बघता पुढचं पान. नुसता अविश्वास म्हणजे विचार नव्हे, आणि तो आंधळ्या विश्वासाइतकाच आळशी असतो असं माझं मत आहे. मग नियम केला की शंका घेणाऱ्याने ती कशी तपासायची तेही सांगायचं. दुसरं पुस्तक, जाणकार माणूस, की स्वतः करून बघणं?

करून बघण्यात मुंग्यांनी बाजी मारली. मुंग्या वासाच्या मागावर चालतात, असं पुस्तकात होतं. एका मुलीने भिंतीकडेच्या रांगेवरून ओलं बोट आडवं फिरवलं. मुंग्या थबकल्या, इकडेतिकडे फिरल्या. झालं, सिद्ध! पण शेजारचा म्हणाला, “पाण्याला घाबरल्या असतील.” त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं. दोघांनी बराच वेळ घालवला आणि मग रांगेच्या वाटेवर कागदाची पट्टी ठेवली. मुंग्या तिच्यावरून सरळ ये-जा करू लागेपर्यंत थांबले आणि मग पट्टी अलगद आडवी फिरवली. कागदावरच्या मुंग्या पट्टीबरोबर वळल्या, तिच्या टोकापर्यंत गेल्या आणि तिथे घुटमळल्या. पाणी नाही, बोट नाही. ‘वास कागदाला लागलाय,’ हे त्या मुलाने स्वतःहून मान्य केलं.

मत आणि माहिती वेगळी करणं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. ‘साप हा भयंकर प्राणी आहे’ हे मोजता येईल का, एवढं विचारलं की मुलं ‘भयंकर’ या शब्दाला पेन्सिलीने गोल करतात.

पुस्तकं निवडताना आता मी सूची आहे का बघते, प्राण्याच्या चित्राशेजारी आकार कळण्यासाठी माणूस किंवा मोजपट्टी आहे का बघते, आणि ‘हे अजून नक्की माहीत नाही’ असं एखादं वाक्य शोधते. ते असलं की पुस्तकावर माझा विश्वास वाढतो.

पालकांची एक तक्रार नेहमी येते: घरी प्रत्येक गोष्टीला उलट प्रश्न विचारतो. जेवायला बसताना, झोपताना, आजीला सुद्धा! मी त्यांना सांगते की सगळी उत्तरं द्यायची गरज नाही. “मलाही नक्की माहीत नाही, कुठे बघायचं?” असं म्हणा, आणि कुठे बघायचं ते आधी त्यालाच सुचवू द्या. त्याने सुचवलेली जागा चुकीची वाटली तरी एकदा तिथे बघा.