कुंपणाकडेची रुई

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून रुईचे एक झुडूप आहे. ते कोणी लावलेले नाही, त्याला कोणी पाणी घालत नाही, आणि शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पाने खुडायला येणारे दोघे-तिघे सोडले तर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. खर्च होतो तो आतल्या हिरवळीवर आणि शोभेच्या पामवर, जिथे निरखून पाहावे असे फारसे काही घडत नाही.

रुईवर मात्र सतत काहीतरी चाललेले असते. प्लेन टायगर नावाचे केशरी फुलपाखरू तिच्या पानांवर एकेक सुटे अंडे घालते. अंड्यातून निघालेल्या इवल्याशा अळीपुढची पहिली अडचण म्हणजे रुईचा चीक; पान कुरतडताच तो पाझरू लागतो आणि त्यात अळी चिकटून मरूही शकते. म्हणून ती आधी पानावर एक गोल चर कोरते, चीक त्या चरातून निघून जाऊ देते आणि मग आतला भाग निवांतपणे खाते. भिंगातून ते वर्तुळ कंपासने आखल्यासारखे दिसते. पुढे काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या मिरवणारी मोठी अळी भर उन्हात उघड्यावर बसून चरते. चिकातली विषारी द्रव्ये तिच्या अंगात मुरलेली असल्यामुळे पक्षी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

फुलांवर काळे, निळसर पंखांचे मोठे भुंगे येतात. रुईचे परागकण सुटे नसतात, त्यांच्या जोडपिशव्या भुंग्याच्या पायांना अडकून पुढच्या फुलापर्यंत जातात.

फुलपाखरांना मध काय, परदेशातून आलेल्या घाणेरीवरही मिळतो. प्लेन टायगरच्या अळीला मात्र रुई किंवा तिच्या गणगोतातलीच वनस्पती लागते. त्यामुळे ‘फुलपाखरू उद्यान’ अशी पाटी लावून केवळ रंगीत फुलझाडे लावणे मला अर्धवट वाटते. जेवायला बोलवायचे आणि राहायला जागा द्यायची नाही, असला हा पुणेरी पाहुणचार!

पावसाळ्यात या कुंपणाशी एक सोंगही येते. डॅनाइड एगफ्लाय या फुलपाखराचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगरसारखी केशरी. तिच्या अंगात विष नाही, पण रंग पाहूनच पक्षी तिला टाळतात. नीट पाहिले तर मागच्या पंखावर प्लेन टायगरला तीन-चार काळे ठिपके असतात आणि हिला एकच, एवढ्यावरून दोघी ओळखता येतात. हिच्या अळ्या घोळीवर वाढतात, म्हणून कुंडीत आपोआप उगवलेली घोळ मी आता उपटत नाही. शेजारच्या काकूंना तिची पातळ भाजी करायची असते; तेव्हा निम्मी घोळ त्यांची आणि निम्मी अळ्यांची, असे आमचे ठरले आहे.