आमची वाटचाल : विव्हिंग बिल्डमध्येच का करतो

आमची फर्म छोटी, जावामध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो, आणि कोणी कधी काय बदललं याची ऑडिट नोंद हा त्यातला सगळ्यात नाजूक भाग. ती नोंद प्रत्येक मेथडमध्ये हाताने लिहायची नाही हे पहिल्यापासून ठरलेलं, म्हणून स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या प्रॉक्सीवर, म्हणजे मूळ ऑब्जेक्टच्या पुढे उभ्या राहणाऱ्या मध्यस्थावर, सुरुवात केली. पण प्रॉक्सी बाहेरून आलेला कॉलच पकडते, एकाच क्लासमध्ये आतल्या आत एका मेथडने दुसरीला बोलावलं तर तिला पत्ताच लागत नाही, प्रायव्हेट मेथडचं तर नावच नको. ऑडिटमध्ये अशी भोकं चालत नाहीत, मग थेट अ‍ॅस्पेक्टजे, म्हणजे असा जादा कोड क्लासच्या आतच घालणारं साधन; या घालण्यालाच विव्हिंग, म्हणजे विणणं, म्हणतात.

आधी लोड-टाइम विव्हिंग घेतलं कारण बिल्डला हात लावावा लागत नाही, जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं इंजिन) सुरू करताना जावाएजंट म्हणून वीव्हरची, म्हणजे विणणाऱ्याची, जार फाइल द्यायची, एओपी डॉट एक्सएमएल नावाची एक सेटिंगची फाइल ठेवायची, आणि क्लास लोड होतानाच त्याच्या बाइटकोडमध्ये (कंपाइल झालेल्या कोडमध्ये) अ‍ॅडव्हाइस, म्हणजे आपला जादा कोड, शिरते. अ‍ॅप चालू व्हायला वेळ लागायचा, मेमरीही जास्त जायची, पण त्या फाइलमध्ये फक्त आपलीच पॅकेजेस इन्क्लूड केली की ते बरंच आटोक्यात येतं. आम्हाला नडलं ते वेगळंच. एका क्लायंटकडे सर्व्हर टीमने स्टार्टअप स्क्रिप्ट नव्याने लिहिली, त्यात एजंटची ओळ राहून गेली, आणि अ‍ॅप मस्त चालू, एरर एकही नाही, फक्त ऑडिटच्या टेबलमध्ये नवीन नोंदच नाही! आपला माल बरोबर चालणार की नाही हे दुसऱ्याच्या स्क्रिप्टवर अवलंबून, हे मला अजिबात पटेना.

म्हणून कंपाइल-टाइम, म्हणजे बिल्ड करतानाच विणायचं. यात लोम्बॉक, म्हणजे गेटर-सेटरसारख्या ठरावीक मेथड आपोआप तयार करणारी लायब्ररी, आडवा आला, कारण तो जावासीला (जावाच्या नेहमीच्या कंपाइलरला) धरून चालतो आणि एजेसीने, म्हणजे अ‍ॅस्पेक्टजेच्या कंपाइलरने, थेट सोर्स कंपाइल केला तर त्याचे गेटर-सेटर तयारच होत नाहीत. तेव्हा आधी नेहमीसारखं जावासीने कंपाइल करायचं आणि तयार क्लास फाइल्स एजेसीला विणायला द्यायच्या, हाच उपाय. कुठे काय विणलं गेलं ते एजेसीचा शो-वीव्ह-इन्फो हा पर्याय लावला की बिल्डच्या लॉगमध्येच दिसतं, आणि एखादी अ‍ॅडव्हाइस कुठेच जुळली नाही तर येणारी लिंटची (कोड तपासणीची) वॉर्निंग आम्ही एरर करून टाकलीय, बिल्ड तिथेच अडतो. क्लायंटकडे एजंट लागत नाही, अ‍ॅस्पेक्टजेची छोटी रनटाइम जार आमच्या पॅकेजमधूनच जाते.

लोड-टाइम सोडलेलं नाही बरं का, सोर्स नसलेल्या तिसऱ्याच्या जारमध्ये वेळ कुठे जातोय हे बघायला टेस्ट सर्व्हरवर एजंट लावतो, बघून झालं की काढतो, त्यासाठी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.