तुम्ही विचारलंत म्हणून: वॉलेसने सव्वा लाख नमुने जमवले कसे?

प्रश्न बहुतेक वेळा संशयाच्या सुरातच येतो. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५४ ते १८६२ मलाय द्वीपसमूहात, म्हणजे आजच्या मलेशिया-इंडोनेशियाच्या बेटांवर, हिंडला आणि त्याच्या हिशेबात प्राण्यांचे १,२५,६६० नमुने निघाले. एकट्या माणसाला हे जमेल का, की आकडा फुगवलाय?

आकडा ठीक आहे. गफलत आहे ती ‘एकट्या’ या शब्दात, आणि दुसरी म्हणजे किडे जमवणं म्हणजे जाळी घेऊन पळणं, या समजुतीत.

आधी हिशेब. यातले ८३,२०० नुसते भुंगेरे. फुलपाखरं आणि पतंग मिळून १३,१००, इतर किडे १३,४००. उरलेले पक्षी, शंख-शिंपले, थोडे सस्तन प्राणी आणि सरपटणारे. म्हणजे किडे जवळजवळ एक लाख दहा हजार. साठ-सत्तर प्रवासांची तयारी, जहाजाची वाट पाहणं, हे वजा जाता प्रत्यक्ष गोळा करण्याची वर्षं सहाच धरावीत, असं त्याचं स्वतःचं म्हणणं. भागाकार करून पाहा: रोजचे पन्नास किडे. सिंगापुरातल्या बुकित तिमाच्या जंगलात, अगदी सुरुवातीला, त्याची रोजची कमाई पन्नास-साठ भुंगेऱ्यांची होती. म्हणजे पहिल्या महिन्यांतला वेग त्याने सहा वर्षं टिकवला, इतकंच. हे ‘इतकंच’ मात्र फार अवघड आहे.

तिथला दिवस असा: साडेपाचला उठायचं, आंघोळ, कॉफी, मग आदल्या दिवशीचे किडे लावून वाळत ठेवायचे. आठला न्याहारी, नऊला जंगलात. दोन-तीनपर्यंत परत. आंघोळ करून लगेच किडे मारायला आणि टाचायला बसायचं. चारला जेवण, पुन्हा सहापर्यंत काम. माल जास्त असेल तर रात्री आठ-नऊपर्यंत. म्हणजे जंगलात पाच-सहा तास आणि टेबलाशी जवळपास तेवढेच. सोबतचा चार्ल्स ॲलन हा पोरगा जाळ्या दुरुस्त करायचा, टाचण्यांच्या उशा भरायचा, आणि त्याच्याकडे माश्या, ढेकणाच्या जातकुळीतले किडे, गांधीलमाश्या टाचायचं काम. भुंगेरे त्याच्या हाती सुरुवातीला दिलेच नव्हते.

का दिले नव्हते, हे टाचणी हातात घेतली की कळतं. भुंगेऱ्याला टाचणी मधोमध मारायची नसते. पाठीवरची दोन टणक पंखकवचं जिथे मिटतात त्या सांध्यात टाचणी गेली की ती फाकतात. म्हणून ती उजव्या कवचातून, पुढच्या भागात, सरळ खाली घालायची. खालून मधल्या आणि मागच्या पायाच्या मधून बाहेर यायला हवी. जरा तिरकी झाली की पायाचा सांधा निखळतो. अगदी बारीक भुंगेऱ्याला टाचणी सोसतच नाही, तो कार्डाच्या तुकड्यावर डिंकाने चिकटवायचा, आणि डिंकही इतका बेताचा की मिशा त्यात बुडू नयेत. एक मोठा भुंगेरा टाचणीवर सैल राहिला की जहाजाच्या हेलकाव्यात गरगर फिरतो आणि शेजाऱ्यांचे पाय-मिशा झोडपून काढतो. म्हणून जड भुंगेऱ्याच्या दोन्ही अंगांना टेकू म्हणून जादा टाचण्या मारायच्या आणि टाचणी पेटीच्या तळाच्या बुचात खोल रोवायची.

टाचणीत पितळ असेल तर आणखी एक दुखणं. किड्याच्या अंगातली चरबी आणि पितळेतलं तांबं यांचं जमलं की हिरवा कळंक फुगतो आणि किडा आतून फुटतो. दमट हवेत ओला किडा पेटीत बंद केला तर बुरशी येते, आणि वाळत उघडा ठेवला तर मुंग्या. किडे जमवणाऱ्याचा खरा शत्रू वाघ नाही, मुंगी आहे. (बुकित तिमाला वाघ होते, आणि त्यांच्यासाठी खणलेले झाकलेले खड्डेही, पण नमुने वाघाने खाल्ल्याचं ऐकिवात नाही.)

लोंबोक बेटावर वॉलेसने एका जुन्या बाकाचे चारही पाय पाणी भरलेल्या करवंट्यांत ठेवले होते. त्या बाकावर आणि एका पेटीवर मिळून दोन किड्यांच्या पेट्या आणि शंभरेक पक्ष्यांची कातडी वाळत असायची. घरात दुसरी सुरक्षित जागाच नाही. युक्ती साधी, पण ती रोज राखावी लागते. पाण्यावर धूळ साचली, एखादी काडी पडली किंवा बाक भिंतीला टेकला की पूल तयार. न्यू गिनीतल्या डोरी इथे १८५८ साली त्याचे हाल झाले: छपरात घर केलेल्या बारीक काळ्या मुंग्या क्षणभर पाठ फिरली की कार्डावर चिकटवलेला किडासुद्धा उपटून न्यायच्या. दुसरीकडे माश्या पक्ष्यांच्या कातड्यांवर अंड्यांचे ढीग घालत होत्या. याच डोरीत त्याने एका दिवसात ९५ जातींचे भुंगेरे मिळवले, हेही सांगायला हवं.

ॲमेझॉनवरचा त्याचा जुना सोबती हेन्री वॉल्टर बेट्स याची तोड मला जास्त आवडते. वाळवणाचे पिंजरे त्याने छपराच्या वाशांना दोरीने टांगले. दोरीला कडू वनस्पती-तेल चोळलेलं, म्हणजे मुंगी उतरत नाही. आणि दोरीच्या मध्यावर भोपळ्याचं अर्धं कवच पालथं ओवलेलं, म्हणजे उंदीर घसरतो. दोन शत्रूंना दोन उपाय, एकाच दोरीवर.

आता जागा. किडे जंगलात सगळीकडे सारखे नसतात. घनदाट, शांत जंगलात दिवसभर हिंडून हात हलवत परत येता येतं. वॉलेसला बोर्निओ बेटावरच्या सारावाकमध्ये सिमुंजनची कोळशाची खाण सापडली. रूळ टाकण्यासाठी आणि फळ्यांसाठी तिथे झाडं पडत होती. नुकतं पडलेलं, उन्हात तापलेलं लाकूड म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्यांना आमंत्रण: माद्या सालीत अंडी घालायला येतात. तिथे पोचण्याआधीच्या चार महिन्यांत त्याच्याकडे ३२० जाती जमल्या होत्या. पंधरवड्याच्या आतच आकडा दुप्पट झाला. शिवाय खाणीतले चिनी मजूर आणि तिथले मूळ रहिवासी दयाक लोक यांना तो किड्यामागे एक सेंट द्यायचा. सव्वा लाखातले कितीतरी नमुने अशा नाव नसलेल्या बोटांनी पकडलेले आहेत. अलीचं नाव तेवढं राहिलं. सारावाकमध्ये चाकरीला लागलेला हा मलाय मुलगा पुढे पक्षी टिपण्यात आणि सोलण्यात तरबेज झाला.

पतंगांचं गणित वेगळं. सारावाकच्या डोंगरावरच्या एका बंगल्यात पांढरी भिंत, लाकडी छत असलेला व्हरांडा आणि भिंतीशी दिवा, एवढ्या सामग्रीवर २६ रात्रींत १,३८६ पतंग मिळाले. पण त्यातले आठशेवर फक्त चार रात्रींचे: धो धो पाऊस, मिट्ट काळोख. चांदण्यात तिथे बसणं म्हणजे तेल जाळणं. इतर ठिकाणी हा प्रयोग पुन्हा कधीच साधला नाही, कारण गवती छपराच्या घरात पतंग येतो आणि थेट छपरात दडतो. पुढच्यांनी पांढऱ्या कापडाचा व्हरांड्यासारखा तंबू सोबत न्यावा, असं त्याने सुचवून ठेवलंय.

पैसा कुठून यायचा, हेही विचारता. विक्रीतून. लंडनमध्ये सॅम्युअल स्टीव्हन्स हा दलाल होता. तो माल संग्रहालयाला आणि हौशी संग्राहकांना विकायचा, विमाही उतरवायचा. त्या विम्याची किंमत १८५२ साली कळली. ॲमेझॉनवरून परतताना ‘हेलन’ हे जहाज पेटलं आणि वॉलेस दहा दिवस उघड्या होडीत होता. आधी पाठवलेला माल वाटेत, आज मनाउस म्हणतात त्या गावी, जकातीपायी अडकला होता. तोही नेमका याच जहाजावर चढवलेला. त्यामुळे सगळं एकदमच गेलं. मलायात मग टप्प्याटप्प्याने पेट्या रवाना होत राहिल्या.

स्वतःसाठी राखायचे नमुने मात्र विक्रीच्या मालात मिसळत नसत. एकाच जातीचे अनेक, बेटाबेटाचे वेगळे. टाचणीत छोटी गोल चकती ओवलेली, तिच्यावर ठिकाणाची दोन-चार अक्षरं: सारावाकसाठी ‘सार’, डोरीसाठी ‘डोर’. सहसा तारीख नाही, आणि हे आजच्या अभ्यासकाला फार खटकतं. पण बाली आणि लोंबोक यांच्यामधल्या अरुंद सामुद्रधुनीच्या दोन काठांवर प्राणी वेगळे आहेत हे म्हणायला तारीख लागत नाही. नमुना कुठल्या काठावरचा, एवढं कळावं लागतं, आणि ती चकती संध्याकाळी टेबलाशीच ओवून घ्यावी लागते. दोन बेटांचा माल एका पेटीत गेला आणि चकती ओवायची राहून गेली, तर मग भुंगेरा कितीही देखणा असो, तो फक्त विकायच्या लायकीचा उरतो.