गुहेत आठ जणच बरे

शो केव्ह, म्हणजे पर्यटकांसाठी रस्ता-दिवे करून ठेवलेल्या गुहा, मला आवडत नाहीत असं अजिबात नाही. सिमेंटचा रस्ता, रेलिंग, लाल-हिरवे फोकस, गाईड माईकवर "हा बघा हत्ती, हे बघा सिंहाचं तोंड" करत असतो, मागचे पुढच्यांना ढकलत असतात... म्हाताऱ्या माणसांना नि लहान पोरांना घेऊन जायला तेच बरं. पण एकदा हेल्मेट-हेडलॅम्प घालून सात-आठ जणांबरोबर एखाद्या कच्च्या गुहेतून सरपटत जाऊन आलात ना, की मग ते रंगीत दिवे बघताना लग्नाच्या हॉलमध्ये आल्यासारखं वाटायला लागतं.

आता अशा कच्च्या गुहांत नेणाऱ्या अ‍ॅडव्हेंचर टूरवाल्यांकडे ग्रुप लहान का असतो, ह्यावर बऱ्याच जणांचं म्हणणं असं की एक्स्क्लुझिव म्हणून जास्त पैसे लावता येतात. असेल, तेही असेल. पण खरं कारण गुहेत गेलं की पहिल्याच अरुंद जागेत कळतं. समजा एक भेग आहे, पोटावर झोपून, एक हात पुढे एक हात मागे ठेवून, श्वास सोडत सोडत पलीकडे जायचं. एका माणसाला पाच मिनिटं धरा. आठ जण म्हणजे चाळीस मिनिटं, चालतंय. तीस जण असतील तर शेवटचा माणूस अडीच तास ओल्या कपड्यात बसून राहणार, आणि गुहेतलं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं असतं, म्हणजे थंड प्रदेशात बाहेर ऊन असलं तरी आत हुडहुडी भरते, हालचाल थांबली की अजूनच. म्हणजे किती माणसं न्यायची हे टूरवाल्याच्या आधी गुहाच ठरवून टाकते.

अमेरिकेतल्या केंटकीमध्ये मॅमथ केव्ह आहे, मॅप झालेल्यांपैकी जगातली सगळ्यात लांब गुहा, ६८० किलोमीटरच्या वर नकाशा झालाय तिचा आणि अजून संपली नाहीये. तिथल्या वाइल्ड केव्ह टूरला, म्हणजे सरपटत जायच्या टूरला, छाती किंवा नितंबांचा घेर ४२ इंचांच्या वर असेल तर घेत नाहीत, सरळ. लोकांना राग येतो पण मला हा नियम फार प्रामाणिक वाटतो, कारण दगडाला काय, तुम्ही कितीचं तिकीट काढलंय ह्याच्याशी घेणंदेणं नसतं.

बरं आणि भीती. बंद जागेची भीती मला नाही असं मी आधी सगळ्यांना सांगायचे, आता सांगत नाही. ती मधेच कुठेतरी येते, कोपर अडकलं की, किंवा पुढच्याचे बूट दिसायचे थांबले की. पण लहान ग्रुपमध्ये गंमत अशी होते की तुमच्या पुढचा माणूस, ज्याचं नाव सकाळी ओळख होताना ऐकून तुम्ही विसरलेलात, तोच "डावा पाय खाली टाक, तिथे पायरी आहे" असं सांगतो आणि तुम्ही तेच मागच्याला सांगता. दोनेक तासांत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं, कोणाचा गुडघा दुखतोय, कोण घाबरला की बडबड करतो, कोण घाबरला की गप्प होतो (हा दुसरा जास्त डेंजर, चांगला गाईड त्याच्यावरच लक्ष ठेवून असतो). चाळीस जणांच्या घोळक्यात घाबरलेला माणूस लाजून बोलतच नाही. आठ जणांत "मला हे जमणार नाही" म्हणायला लाज वाटत नाही, आणि मला वाटतं बहुतेक वेळा ते म्हणून टाकलं की मग जमतंच.

सगळ्यात भारी भाग मात्र दिवे बंद करायचा. गाईड सगळ्यांना बसवतो आणि एकेक हेडलॅम्प बंद करायला लावतो. बाहेरच्या रात्रीत कुठूनतरी थोडा उजेड असतोच, इथे शून्य. डोळ्यासमोर हात हलवला तर बऱ्याच जणांना हात दिसल्याचा भास होतो, खरं तर काही दिसत नसतं, मेंदूच ते चित्र बनवत असतो. पण ह्याला प्रत्येक माणूस गप्प पाहिजे आणि एकाच्याही मनगटावर स्मार्टवॉच चमकायला नको, मोठ्या ग्रुपमध्ये ते विसराच. वेळेचं भानही जातं. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच माणूस १९६२ मध्ये घड्याळ न घेता एका गुहेत दोन महिने एकटा राहिला, बाहेर आला तेव्हा १४ सप्टेंबर होता आणि त्याच्या हिशोबाने २० ऑगस्ट! आपण तर नुसते काही तास आत असतो, तरी बाहेर आल्यावर "एवढे वाजले?" होतंच.

न्यूझीलंडच्या वायटोमोला ह्याच अंधारात टायरच्या ट्यूबवर बसून गुहेतल्या नदीतून तरंगत नेतात आणि वर छतावर निळसर ठिपकेच ठिपके. त्या अळ्या असतात, चिकट दोरे खाली सोडून उजेडाला भुललेले किडे पकडणाऱ्या. दिसायला स्वर्ग, चाललंय जेवण.

गुहेच्या बाजूनेही बघायला पाहिजे ना. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडक विरघळवत खाली येतं आणि छताला थेंब लटकला की त्यातला वायू उडून चुन्याचा बारीकसा थर मागे राहतो. असे छताचे सुळके वाढायला शंभर वर्षांत जेमतेम सेंटीमीटरभर, कधी तेवढंही नाही. हात लावला की त्वचेचं तेल लागतं, तिथे नवीन थर नीट बसत नाही, डाग पडतो तो वेगळाच. आठ जणांवर गाईडची नजर राहते, चाळिसांत कोणीतरी सेल्फीसाठी टेकतोच. फ्रान्समधली लास्कोची आदिमानवाच्या चित्रांची गुहा तर माणसांच्या श्वासाने नि घामाने बिघडायला लागली म्हणून १९६३ मध्ये पब्लिकला बंद करावी लागली. व्हिएतनामची सोन डूंग गुहा, जिच्या आत छत कोसळून वरून ऊन येतं आणि चक्क जंगल वाढलंय, तिथे एका वेळी दहाच टुरिस्ट नेतात, वर्षाला हजारच्या आसपास परमिट. मला हे पटतं, जरी माझा नंबर कधी लागणार देव जाणे.

बुकिंग करताना फोटो बघून भुलू नका, प्रश्न विचारा. एका गाईडमागे किती जण? एखाद्याला अर्ध्यातून परत यावंसं वाटलं तर त्याच्याबरोबर कोण येणार, म्हणजे दुसरा गाईड आहे का? प्रत्येकाकडे उजेडाची तीन साधनं असतात का? आणि पावसाचं काय? हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा कोच अडकले ते आत पाणी भरल्यामुळेच. आपल्या डोक्यावर आभाळ स्वच्छ असलं तरी डोंगरापलीकडे पडलेला पाऊस गुहेत येतो. मेघालयातल्या नदीच्या गुहांमध्येही एक्स्पेडिशन कोरड्या दिवसांत, फेब्रुवारीच्या आसपास करतात ते उगाच नाही. "पावसाचा अंदाज असेल तर टूर कॅन्सल, पैसे परत" असं जो पटकन सांगतो त्याच्याकडे बिनधास्त जा. "काही होत नाही हो" म्हणणाऱ्याकडे ग्रुप दोघांचा असला तरी नको.

आणि एका गुहेतून दुसरीत जाणार असाल तर बूट-कपडे नीट धुऊन, सांगतील तसे डिसइन्फेक्ट करूनच जा. अमेरिकेत एका बुरशीने लाखो वटवाघळं मेलीत, आणि ती बुरशी माणसांच्या चिखलाळ बुटांवरूनही एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते.