सिमेंट नाही, मग धरंल कसं?

आत्याचा खुबा बदलून कृत्रिम बसवण्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "अनसिमेंटेड बसवलाय." बाबांचा चेहराच उतरला. अंबाजोगाईत आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बिगर सिमेंटचं? मग धरंल कसं, बाई?"

मी संभाजीनगरला प्रयोगशाळेत याच प्रश्नावर काम करते. म्हटलं, "बाबा, गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरतो का?"

"छन्नीनं टोचून घ्यावं लागतं आधी."

कृत्रिम खुब्याचा मांडीच्या हाडात बसणारा टायटेनियमचा दांडाही आधी खरबडीत करतात. मग त्यावर हायड्रॉक्सीअपॅटाइट चढवतात. हे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज, आपल्या हाडातल्या खनिजाच्या अगदी जवळचं. त्याची भुकटी प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतातून, हजारो अंशांच्या उष्णतेतून धातूवर मारतात. १९८५ साली इंग्लंडमध्ये फर्लाँग या सर्जननी असा लेप दिलेला खुबा पहिल्यांदा रुग्णाला बसवला.

पण गिलाव्याचा दाखला इथेच संपतो. गिलावा आपण थापतो. इथे हाडाला स्वतःहून चालत यावं लागतं. लेपावर आधी रक्तातली प्रथिनं बसतात, त्यांना धरून हाड बांधणाऱ्या पेशी चिकटतात. लेप किंचित विरघळतो, कॅल्शियम-फॉस्फेट सुटतं आणि तिथेच नवं खनिज साचू लागतं. मात्र तोवर दांडा हलता कामा नये. दीडशे मायक्रॉनच्या वर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हालचाल होत राहिली, तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा पडदा तयार होतो. आत्याला वॉकर का सोडू देत नाहीत, ते बाबांना तेव्हा पटलं.

लेप किती नाजूक असतो, ते मला गेल्या एप्रिलमध्ये कळलं. टायटेनियमच्या चकत्यांवर लेप चढवला आणि घाईघाईत भट्टीतून गरम असतानाच काढल्या. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर मे महिन्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगा! थंड होताना हा लेप टायटेनियमपेक्षा जास्त आकसतो, म्हणून ओढला जाऊन फाटतो. दोन महिन्यांचं काम गेलं. रडू आलं होतं. पुढची खेप भट्टीतच रात्रभर थंड होऊ दिली. त्या चकत्यांवर सोडलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी चपट्या होऊन, पाय पसरून बसल्या होत्या. ते चित्र अजून माझ्या मोबाइलवर आहे.

सहा महिन्यांनी आत्याचा एक्स-रे आला. बाबांनी तो खिडकीपाशी उजेडात धरला आणि दांड्याच्या कडेनं वरून खालपर्यंत नख फिरवलं. कुठेच फट दिसत नव्हती.

"किती जाडीचा थर म्हणलीस?"

"शंभर-दीडशे मायक्रॉन. केसाएवढा."

त्यांनी एक्स-रे परत वरून खालपर्यंत पाहिला.